काकांच्या आवाजाचा कप्पा

१

काका वारले तेव्हा ऑफिसात सगळ्यांना वाईट वाटलं. त्यांचा आवाज नाहीसा झाला तेव्हा मात्र कुणाला पत्ताही लागला नाही. तो लागला काकूंच्या फोनमुळे.

"ह्यांचा आवाज तुमच्याकडे आहे म्हणे," काकू सोमवारी सकाळी साहेबांना म्हणाल्या. "औषधांची वाक्यं वाचलेला. माझ्याकडे ह्यांचे फोटो पुष्कळ आहेत हो, पण आवाज कुठेच नाही. फोनवरसुद्धा 'हो' आणि 'ठेवतो' यापलीकडे बोलायचे नाहीत. गुरुवारी येऊन घेऊन जाऊ का?"

साहेब म्हणाले, जरूर या. मग त्यांनी कोपऱ्यातलं मशीन उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आवाजाचा कप्पा जागेवर होता. आत काही नव्हतं.

बुधवारी मुख्य ऑफिसातून डबेबाई आली. हे नाव तिच्या पाठीमागे घेतलं जाई आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. नावात खोटं काही नव्हतं, तिचं कामच डब्यांचं. हे ऑफिस अधू नजरेच्या लोकांसाठी एक ॲप बनवत होतं. औषधाच्या खोक्यावर फोन धरायचा, ॲप वाचून सांगणार, ही गोळी कसली आणि घ्यायची कधी. असं सॉफ्टवेअर एकसंध नसतं. त्याचा एकेक तुकडा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, नांदतो. चित्र ओळखणारा एक डबा, माहिती सांभाळणारा दुसरा, बोलणारा तिसरा. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर डबे सारखेच मांडले जावेत म्हणून एक सामाईक फाइल असते आणि तिच्या शेजारी ज्याची त्याची खाजगी फाइल. घर कसं लावायचं ते सामाईक फाइल सांगते. माझ्या खोलीत पलंग खिडकीशी हवा, हे खाजगी फाइल सांगते आणि तिचंच ऐकलं जातं. कुणाच्या खाजगी फाइलमध्ये डोकवायचं नाही, असा इथला रिवाज होता.

डबे रोज मोडतात आणि रोज नवे होतात. जे टिकायला हवं ते डब्याबाहेरच्या कप्प्यात ठेवतात. काकांची रेकॉर्डिंग जड, म्हणून ती कोपऱ्यातल्या एकाच मशीनवरच्या कप्प्यात होती आणि बाकीच्यांचे बोलके डबे ती तिथून मागून घेत. ॲपचा खरा आवाज पुढे स्टुडिओत घ्यायचा होता. काकांचा आपला नमुन्यापुरता. दुसरी प्रत कोण कशाला करतंय?

डबेबाई दहा ऑफिसांतल्या लोकांची अशी घरं लांबून लावून द्यायची. तिच्या स्वतःच्या दाराची बेल वाजली तर ती चुकूनच. कामाव्यतिरिक्त कुणाशी बोलून किती दिवस झाले, हे ती हल्ली मोजत नसे.

"चोरी असेल का हो मॅडम?" साहेबांनी दार लोटून हळूच विचारलं.

"भरलेला कप्पा आपणहून रिकामा होत नाही," ती म्हणाली. "हात कुणाचातरी लागलाय. आणि तुम्ही धरून इथे तिघंच आहात."

२

साहेबांनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग काकांचं कौतुक सुरू केलं.

"माणूस लाखातला, पण हट्टी. आम्ही लिहून द्यायचो, 'जेवणानंतर एक गोळी.' हे वाचायचे, 'जेवणानंतर एक गोळी, सावकाश.' प्रत्येक वाक्याला ते शेपूट. म्हटलं, काका, मजकुरात नाही ते. तर म्हणाले, घेणारा म्हातारा एकटा असेल, त्याला दुसरं कोण म्हणणार?"

"तुम्ही तो आवाज शेवटचा कधी ऐकलात?"

"मी कुठे ॲप चालवतो? मी मीटिंगा चालवतो." ते हसले, आणि ती हसली नाही म्हणून थांबले.

काकांच्या जागेवर आता एक तरुण इंजिनियर बसत होती. येऊन तीन महिने झाले तरी सगळे तिला नवीच म्हणत. डबेबाईने खुर्ची ओढल्याबरोबर ती जी बोलत सुटली ती थांबेना. कुणीतरी आपल्याजवळ येऊन बसलं याचाच तिला आनंद झाला होता.

"मी काकांना पाहिलंसुद्धा नाही हो. आणि पहिल्याच दिवशी बटण दाबलं तर गेलेला माणूस कानात बोलला! मी ताडकन उठले. त्याच दिवशी माझ्या खाजगी फाइलमध्ये कॉम्प्युटरने बनवलेला आवाज घातला. चुकलं का माझं? इथे कुणाला काही विचारायची सोय नाही. साहेब मीटिंगमध्ये आणि मास्तर म्हणजे... तुम्ही भेटलात का मास्तरांना?"

"अजून नाही. का?"

"काल त्यांनी माझ्या कामात चूक काढली. परवा सोमवारी मी एक नवा नियम घातला. लिहिलेल्या मजकुराला जेवढा वेळ लागेल तेवढाच आवाज चालू ठेवायचा, मग बंद. फोनची बॅटरी वाचते. तर मास्तर म्हणतात, वाक्य संपायच्या आत आवाज तुटतो, शेवटचा शब्द गिळला जातो. मी पुन्हा पुन्हा बघितलं, माझ्याकडे एकदाही तुटत नाही. त्यांना म्हटलं, दाखवा. तर म्हणाले, स्वतः नीट बघ. शाळेत असल्यासारखं वाटतं अगदी."

शाळा आठवणं साहजिकच होतं. मास्तर पूर्वी खरंच शाळेत शिकवत. आता ॲप तपासण्याचं काम करत, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढत; व्यवसाय बदलला असं त्यांना वाटतच नसे. काकांचे ते एकुलते एक मित्र. काका बोलायचे आणि मास्तर समोर बसून रेकॉर्डिंगचं बटण सांभाळायचे. त्यांच्या टेबलावर सगळं काटकोनात मांडलेलं होतं आणि गळ्यात मोठे हेडफोन होते.

"मी तपासतो ते आवाज बंद ठेवून," ते म्हणाले. "नुसती अक्षरं बघतो. काका गेल्यापासून त्याचा आवाज मी ऐकलेला नाही. ऐकवत नाही."

"मग हे हेडफोन?"

"ही मुलगी फोनवर आईशी बोलते ना, तेव्हा अख्ख्या इमारतीला कळतं, आज घरी काय बिनसलंय. बचाव म्हणून घालतो."

त्यांनी न मागताच स्क्रीन तिच्याकडे वळवली. खाजगी फाइलमध्ये आवाज बंद, असंच लिहिलेलं होतं. रिवाज मोडून माणूस आपणहून फाइल दाखवतोय, याचं डबेबाईला जरा नवल वाटलं. मनात पाल चुकचुकली, पण तिला बोट ठेवण्यासारखं काही सापडलं नाही.

दुपारी ती कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत मशीनसमोर बसली. रिकाम्या कप्प्याकडे बघताबघता तिची नजर त्याच्या जन्मतारखेवर गेली. तिने दारातून साहेबांना हाक मारली.

"हा कप्पा कुणी रिकामा केलेला नाही," ती म्हणाली. "हा कधी भरलेलाच नव्हता. काका गेल्यानंतर जन्मलाय हा."

३

तिघांनाही तिने त्या छोट्या खोलीत उभं केलं.

"कप्प्याचं नाव आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. पण दुसरं काही सांगितलेलं नसेल, तर ज्या फोल्डरमध्ये सामाईक फाइल आहे त्या फोल्डरचं नाव कप्प्याच्या नावाला पुढे जोडलं जातं. फोल्डरचं नाव बदला. डबे मांडणारा प्रोग्राम म्हणेल, हे तर नवंच घर दिसतंय. आणि नव्या घराला कोरा कप्पा देईल. जुना कप्पा तसाच भरलेला, जुन्या नावाने मागे राहतो. त्याला कुणी विचारत नाही एवढंच. या फोल्डरचं नाव कुणी बदललं?"

नवीचा चेहरा रडवेला झाला. "मी. त्याचं नाव 'काका' होतं. रोज कामाला बसलं की तेच नाव समोर. मला वाटायचं, मी कुणाच्यातरी घरात न विचारता शिरलेय. म्हणून ॲपचं नाव दिलं. नुसतं नावच बदललं हो! मी आतलं काहीही पुसलं नाही."

"नाही पुसलंस. मला माहीत आहे."

"पण तेव्हापासून आवाज बंद पडला असेल ना? मग कुणीच कसं काही बोललं नाही?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं. साहेब ॲप चालवत नव्हते, नवी कॉम्प्युटरने बनवलेला आवाज ऐकत होती, मास्तर म्हणे काहीच ऐकत नव्हते. काकांचा आवाज कोपऱ्यातल्या मशीनवर कुणाच्या मागणीची वाट बघत पडून होता आणि तो मागायला कुणी आलंच नव्हतं. डबेबाईला हे फार लागलं. एखाद्या ऑफिसातल्या डब्यांनी तिला इतकं उदास कधी केलं नव्हतं.

"म्हणजे जुना कप्पा अजून आहे!" साहेब उजळले. "काढा मॅडम, काढा. उद्या काकू येणार!"

तिने मशीनवरच्या सगळ्या कप्प्यांची नावं काढली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. 'काका' हे नाव कुठेच नव्हतं.

ती वळली. साहेब भिंतीला टेकले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"शुक्रवारी मशीन भरलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "कॉम्प्युटरला द्यायची एक आज्ञा सापडली, वापरात नसलेलं सगळं काढून टाकणारी. मशीनने मला विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की."

४

खापर कुणावर फोडायचं ते कळलं, पण त्याने काकूंच्या हातात काही पडणार नव्हतं. एकीने संकोचापोटी नाव बदललं, दुसऱ्याने जागा करायची म्हणून सफाई केली आणि दोघांच्या मधल्या फटीत एका माणसाचा आवाज पडून गेला. नवी रडत होती. साहेब काकूंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. मास्तर निमूटपणे आपल्या जागेवर जाऊन बसले होते.

डबेबाई चहा घेऊन खिडकीशी उभी राहिली. उद्या ती बाई येईल, रिकाम्या हाताने परत जाईल, आणि आपण पुढच्या ऑफिसाला जाऊ. समोरच्या रस्त्यावर दुपारची बंद दुकानं पुन्हा उघडत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती. तिने कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

आवाज तुटतो, शेवटचा शब्द गिळला जातो.

ती सरळ मास्तरांच्या टेबलाशी गेली. त्यांनी हेडफोन कानांवरून गळ्यात घेतले.

"मास्तर, आवाज बंद ठेवून तपासणाऱ्याला आवाज तुटलेला कसा कळतो?"

मास्तरांनी लॅपटॉपची स्क्रीन अर्धी मिटली.

"बरं, चुकून चालू राहिला असेल, असं धरू. पण नवीकडे तो तुटत नाही, कारण बनवलेला आवाज लिहिलंय तेवढंच वाचतो. मजकुराची लांबी आणि बोलण्याची लांबी सारखीच. मग तुटेल कुणाचा? जो लिहिलेल्यापेक्षा एक शब्द जास्त बोलतो त्याचा. प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणारा माणूस या ऑफिसात एकच होऊन गेला. 'सावकाश' तुटत होतं तुमचं."

मास्तरांनी समोरची पेन्सिल उगीचच सरळ केली.

"आणि वेळ कमी करण्याचा नियम नवीने घातला सोमवारी. त्याच्या आधी हे तुटणं शक्यच नव्हतं. काकांचा कप्पा तर शुक्रवारीच गेला. म्हणजे सगळ्या जगातून पुसला गेल्यानंतर काकांचा आवाज तुम्ही काल ऐकलात. कुठून, मास्तर?"

"अक्षरं बघत बसलो असतो तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले. "पण चूक दिसली की नोंदवल्याशिवाय राहवत नाही मला. आयुष्य गेलं त्यात." त्यांनी हेडफोन काढून तिच्यापुढे ठेवले. "माझ्या लॅपटॉपवर आहे. काका गेला त्याच आठवड्यात उतरवून घेतला. खाजगी फाइल मी तुम्ही यायच्या आधी बदलली, तुम्ही इथून उठून गेलात तशी पुन्हा बदलली."

"मग सोमवारपासून मूग गिळून का बसलात? ती बाई एवढंच तर मागतेय."

"आधी ऐका," मास्तर म्हणाले. "सबंध ऐका. मग मला बोल लावा."

५

तिने ऐकलं. पहिल्यांदा आली ती औषधांची वाक्यं, स्वच्छ आणि शांत. मग मधला भाग आला. रेकॉर्डिंगचं बटण मास्तरांच्या हाती होतं आणि त्यांनी ते कधी बंदच केलं नव्हतं. दोन वाक्यांच्या मध्ये काका बोलत होते. साहेबांच्या चालण्याची नक्कल, करकरणाऱ्या खुर्चीची चेष्टा, मास्तरांना "अरे, तू वर्गात पोरांना हसू द्यायचास का कधी?" असं विचारणं. मास्तर काहीतरी पुटपुटायचे आणि काका खोकला येईपर्यंत खो खो हसायचे. तासन् तास. डबेबाई ऐकताना दोनदा मोठ्याने हसली आणि तिचं तिलाच विचित्र वाटलं.

"हा माणूस घरी दिवसाला चार शब्द बोलत नसे," मास्तर म्हणाले. "मला सांगायचा. घरात पाऊल टाकलं की जीभ जड होते, का ते कळत नाही, म्हणायचा. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं गप्प. आता तुम्हीच सांगा बाई, हे तिला ऐकवू? जे बोलणं तिला जन्मभर मिळालं नाही ते इथे उधळलं जात होतं, हे कळलं तर काय वाटेल तिला?"

"एवढंच कारण?"

मास्तरांनी लॅपटॉपवरून हात फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत मी हे लावतो. मधल्या जागा सोडल्यात ना त्याने, तिथे मी उत्तर देतो. माझ्याशीही दुसरं कोण बोलतं? ती घेऊन गेली की तो तिचा होईल. तसा तो तिचाच. पण इथे तो माझा होता."

डबेबाईला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आपल्याकडे असा एखादा कप्पा असता तर आपणही तो दडवून ठेवला असता, हे तिला साफ दिसत होतं.

"वाक्यं तेवढी कापून द्या," मास्तर म्हणाले. "मधलं नको."

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "मी डबे लावते. आत काय ठेवायचं ते ज्याचं त्याने बघायचं."

६

गुरुवारी काकू सांगितल्या वेळेला आल्या. लहान चणीच्या होत्या. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवून त्या सावरून बसल्या. साहेबांनी सफाईची हकिगत सांगून माफी मागितली. ती त्यांना फारशी कळली नाही, पण "असू दे हो, मिळालं ना" असं त्या म्हणाल्या. नवी दाराशी घुटमळत होती.

मास्तरांनी कापलेली वाक्यं लावली. काकूंनी डोळे मिटून घेतले. सात-आठ वाक्यं झाली, दहा झाली.

"छान वाचलंय," त्या म्हणाल्या. डोळे उघडून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "पण हे वाचणं झालं. बोलणं नाही का कुठे?"

साहेब म्हणाले, नाही हो, एवढंच होतं. डबेबाई मास्तरांच्या हातांकडे बघत होती. ते हात थोडा वेळ तसेच राहिले, मग त्यांनी दुसरी फाइल उघडली.

काका हसले. खुर्चीला शिव्या दिल्या, साहेबांची नक्कल केली, मास्तरांना छळलं, पुन्हा हसले. साहेब लाल होऊन खिडकीबाहेर बघू लागले. काकू हलल्या नाहीत. काका खोकत खोकत थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "असे हसायचे?"

"रोज," मास्तर म्हणाले.

"मला वाटायचं, ह्यांना बोलायला आवडतच नाही. पहिली काही वर्षं मी वाट पाहिली. मग मीही कमी बोलायला लागले." त्यांनी पदराने ओठ टिपले. "ह्यात माझा विषय निघतो का कुठे?"

डबेबाईने सगळं ऐकलं होतं. कुठेही निघत नव्हता.

"निघतो की," मास्तर घाईने म्हणाले. "पुष्कळदा. फार कौतुक होतं त्याला तुमचं."

"काय म्हणायचे?"

जन्मभर पोरांना प्रश्न विचारलेल्या मास्तरांना एका प्रश्नाचं उत्तर येईना.

"मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "कुठेतरी बोलत होते ना? बरं झालं. मी आपली समजत होते, हा माणूस तसाच गेला, काही न बोलता."

सगळे त्या उठण्याची वाट बघत होते. त्या उठल्या नाहीत.

"हे घेऊन जाईन मी. पण घरी एकटीने ऐकून मला काय कळणार? कुठली खुर्ची, कशावरून हसले, कुणाची नक्कल केली? तुम्ही होतात तिथे. पहिल्यापासून लावा आणि मला सगळं सांगा. घरी जायची घाई नाही मला."

मास्तरांनी पहिल्यापासून लावलं. थोडं वाजवायचं, थांबवायचं आणि फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं नीट समजावून सांगायचं. खुर्चीची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढला. काकूंनी मध्येच काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकून त्या चक्क हसल्या. नवी केव्हा आत येऊन जमिनीवर बसली ते कुणी पाहिलं नाही.

डबेबाईचं काम संपलं होतं. सामान बांधून झालं होतं, गाडीची वेळ होत आली होती. ती निरोप घ्यायला म्हणून पुढे झाली आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मीही बसले तर चालेल का?"

काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.